कोळंबीच्या चिनी करंज्या, ओव्हनमधल्या

चिनी जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नूडल्स, फ्राइड राइस, नाहीतर ते लालभडक मंचुरियन येतं. पण दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात आणि हाँगकाँगला चहाबरोबर जे लहान लहान पदार्थ खातात, त्यांच्यातला एखादा पाहिला तर तुम्हांला तो आपल्याच फराळाच्या डब्यातला वाटेल. या खाण्याला तिकडे 'यम छा' म्हणजे सरळ 'चहा पिणे' म्हणतात, आणि पदार्थांना 'डिम सम'. त्यांतला मानाचा पदार्थ म्हणजे कोळंबीची वाफवलेली करंजी. तिचं नाव 'हा-गाव' (हसू नका, 'हा' म्हणजे कोळंबी!). तिला सात तरी चुण्या हव्यात, दहा पडल्या तर करणाऱ्याचा हात चांगला, असं तिकडे मानतात. आपल्या मोदकाच्या कळ्या मोजणाऱ्या आजेसासूबाई आठवल्या ना?

या हा-गावचं आवरण पारदर्शक असतं, कारण ते गव्हाच्या सत्त्वाचं असतं. म्हणजे कुरडयांसाठी आपण जो गव्हाचा चीक काढतो ना, तोच वाळवून केलेलं पीठ. त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ घालून उकळत्या पाण्यात उकड काढायची. वाफेवर हे आवरण फार सुरेख होतं, पण ओव्हनमध्ये नाही. गव्हातला चिवटपणा त्यात उरलेला नसतो, त्यामुळे कोरड्या आचेवर ते वाळतं आणि तडकतं. तेव्हा हा-गाव ओव्हनमध्ये घालायच्या फंदात पडू नका.

मग भाजायचं काय? त्याचंही उत्तर त्याच चहाघरांत आहे. तिथे पदर सुटलेल्या, खुसखुशीत, भाजलेल्या करंज्याही मिळतात. एक पीठ पाण्यात भिजवलेलं, दुसरं नुसत्या चरबीत मळलेलं, आणि एकात एक घालून लाटलेलं. म्हणजे आपल्या साट्याच्या करंजीचीच चुलत बहीण! तिकडे डुकराची चरबी वापरतात, आपण तूप वापरू. त्यात बहुधा मांसाचं सारण असतं, आपण हा-गावचं कोळंबीचं भरू या.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच आपली सवय आड येते. सारण म्हटलं की आपण आधी कढई चढवतो. कांदा परतायचा, त्यावर कोळंबी परतायची, गार करून भरायची. या करंजीत तसं करू नका. कोळंबी शिजायला क्षणभर पुरतो. आधी कढईत आणि पुन्हा वीस मिनिटं ओव्हनमध्ये शिजली की तिचं रबर होतं, आणि कोळंबीचे आजचे भाव बघता ते परवडणारं नाही. सारण कच्चंच भरायचं, तेही फ्रिजमधलं गार. आवरण भाजून निघेपर्यंत ते आत हळूहळू तापतं आणि रसरशीत राहतं.

पाव किलो सोललेली कोळंबी लागेल, म्हणजे बाजारातून जवळजवळ अर्धा किलो आणा. पाठीतला काळा दोरा काढा. पाव चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग गार पाण्यात तीन-चारदा खळखळून धुवा. यानं कोळंबी दाताखाली करकरीत लागते. आता स्वच्छ फडक्यानं अगदी कोरडी करा, नाहीतर करंजीचा तळ ओला राहील. निम्मी कोळंबी बारीक चिरा, निम्मीचे मोठे तुकडे करा. अर्धा चमचा मीठ, चिमूटभर साखर, पांढरी मिरपूड, किसलेलं आलं, मूठभर पातीचा कांदा, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि एक चमचा थिजलेलं तूप घाला. तिकडे भाजक्या तिळाचं तेल घालतात. ते नसेल तर तीळ भाजून कुटून घाला. आपलं कच्च्या तिळाचं तेल त्याच्या जागी चालत नाही, वास निराळा. सगळं एकाच दिशेनं चिकट होईस्तोवर ढवळा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

आवरणासाठी दीडशे ग्रॅम मैद्याला 40 ग्रॅम तूप आणि चिमूटभर मीठ चोळून साधारण 70 मिलिलिटर गार पाण्यात मऊ भिजवा, अर्धा तास झाका. साट्यासाठी 90 ग्रॅम मैदा 45 ग्रॅम थिजलेल्या तुपात मळा. पुरणपोळीत पुरण भरतो तसा साटा पहिल्या पिठात भरून मोठी लांबट पोळी लाटा. तिची घट्ट गुंडाळी करून 18 तुकडे कापा. आपण चिरोट्याला कापलेली बाजू वर ठेवतो. इथे ती दोन्ही टोकं आत दुमडा आणि मग लाटा, म्हणजे कोळंबीचा रस पदरांतून बाहेर येत नाही. पीठ हाताला तुपकट लागू लागलं तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

पुरीवर भरपूर दोन चहाचे चमचे सारण, कडांना पाण्याचं बोट, घट्ट मुरड. वरून फेटलेलं अंडं लावून तीळ भुरभुरा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर, मधल्या खणात वीस ते बावीस मिनिटं. ओटीजी लहान असेल तर वरची सळई जवळ येते, तेव्हा पंधराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा.

'पण कच्ची राहिली तर?' असं सासूबाई नक्की विचारतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. पहिला घाणा एकाच करंजीचा काढा आणि ती मधून कापा. कोळंबी पांढरी-गुलाबी आणि आरपार न दिसणारी झाली असेल तर झालं. काचेसारखी दिसली तर आणखी तीन मिनिटं. त्या हिशेबानं बाकीच्या लावा. भरलेल्या कच्च्या करंज्या मात्र ओट्यावर ताटकळत ठेवू नका, घाणा लागेपर्यंत त्या फ्रिजमध्येच. आणि घरात कुणाला कोळंबी बाधत असेल तर त्याला चवीपुरतीही देऊ नका. भाजल्यानं तो दोष जात नाही. त्याच्यासाठी मश्रूमचं सारण करा. ते मात्र आधी परतून कोरडं करावं लागतं, कारण मश्रूमला पाणी फार सुटतं.

सोबत सोया सॉस, थोडं व्हिनेगर आणि आल्याच्या काड्या. आमच्याकडे मुलं टोमॅटो सॉसच मागतात, द्यावा लागतो. शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस असते, तेव्हा मी दुप्पट करून निम्म्या कच्च्याच ताटलीवर सुट्या गोठवते आणि मग डब्यात भरते. त्या तशाच ओव्हनमध्ये जातात, फक्त पाच-सात मिनिटं जास्त लागतात.