आकडा एक, तेले दोन

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात तेलांची गर्दी होते. अभ्यंगाला तिळाचे, चकल्यांना शेंगदाण्याचे, समईला आणखी निराळे. यांतले एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हे सौभाग्यवतींचे ठाम मत! मला ते पटायला यंदा दारात मोटार यावी लागली.

मेहुणे परदेशी गेले आणि आपली २०२१ सालची जर्मन डिझेल गाडी आमच्या स्वाधीन करून गेले. मराठीच्या प्राध्यापकाने हत्ती पोसावा, तसलाच हा प्रकार! लवकरच इंजिनाचे तेल बदलायची वेळ आली. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. दोन्हींवर ‘५डब्ल्यू-३०’, एक मात्र बराच स्वस्त.

“सर, आकडा एकच आहे. उगाच जास्त पैसे कशाला घालवता?”

मी पाकीट काढलेही. तेवढ्यात सौ. म्हणाल्या, “अहो, गाडीबरोबर आलेलं पुस्तक आधी वाचा की! वर्गात रोज सांगता ना, मूळ संहिता पाहा म्हणून?”

निमूटपणे घरी येऊन पुस्तक उघडले, आणि आपण केवढ्या खर्चातून वाचलो ते कळले.

‘५डब्ल्यू-३०’ हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा आणि नंतरचा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, तेल किती दाट राहते त्याचा. तेलात मिसळलेल्या रसायनांबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

खरी मेख तिथेच आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी आली. अडकलेली काजळी अधूनमधून जळून जाते. पण तेलातल्या रसायनांची राख जळत नाही. ती साठते आणि गाळणी हळूहळू तुंबते. नव्या गाळणीची किंमत ऐकली, तेव्हा माझे दोन महिन्यांचे पगार डोळ्यांसमोरून गेले!

म्हणून युरोपातील मोटार-उत्पादकांच्या ‘एसीईए’ या संघटनेने तेलांचे वर्ग पाडले आहेत. ‘सी३’ वर्गात राखेचे प्रमाण शेकडा ०.८ हून अधिक चालत नाही. ‘ए३/बी४’ वर्गात ते १.६ पर्यंत असू शकते. दोन्ही वर्गांत ५डब्ल्यू-३० मिळते. माझा स्वस्त डबा दुसऱ्या वर्गातला होता.

वर्गाखेरीज प्रत्येक कारखान्याची स्वतःची परीक्षा असते: फोक्सवॅगनची ५०७.००, मर्सिडीजची २२९.५१, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०४. आपल्या पुस्तकात असेल तोच क्रमांक डब्यावर शोधावा. त्यातही शब्द नीट वाचावेत. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कारखान्याने तपासून मंजूर केलेले. ‘यासाठी योग्य’ हे नुसते तेल विकणाऱ्याचे म्हणणे.

“आपल्याकडे ऊन फार, जाडच तेल घाला,” हा सल्लाही फुकट मिळतो. पण काही नवी इंजिने ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ तेलासाठीच घडवलेली असतात, आणि तेच तेल जुन्या इंजिनाला पुरेसे संरक्षण देईलच असे नाही. तेव्हा ऊन आणि शेजारी यांच्यापेक्षा पुस्तकाचे ऐकावे.

दुसऱ्या दिवशी महागडा डबा आणला. फराळाच्या खर्चाला थोडी कात्री लागली. पण चकल्यांच्या तेलाला हात लावायची माझी छाती नव्हती. आणि गाडीचे ते पुस्तक? ते आता माझ्या टेबलावर, शब्दकोशाशेजारी असते.