शिवाजी पार्कातले कावळे मोजून काय मिळतं?

फेब्रुवारीतली सकाळ. शिवाजी पार्कात क्रिकेटची नेट लागलेली, कट्ट्यावर आजोबांच्या गप्पा रंगलेल्या. अशा वेळी गळ्यात दुर्बीण अडकवलेला कुणी मोबाईलमध्ये 'कावळे १२' अशी नोंद करताना दिसला, तर हसू येणारच. दादरला कावळ्यांची काय कमी?

पण इथे कावळाच सोडून चालत नाही.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाची पक्षीगणना होते. १९९८ साली ती अमेरिकेत सुरू झाली, २०१३ पासून भारतातले हौशी लोकही तिच्यात उतरले. कल्पना त्याहून जुनी. नाताळात पक्ष्यांची शिकार करायची अमेरिकेत प्रथा होती. फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने १९०० साली सुचवलं, मारण्याऐवजी मोजा. पहिल्या वर्षी जेमतेम २७ माणसं आली होती.

आता नियम साधे आहेत. एका जागी किमान १५ मिनिटं थांबायचं किंवा फिरायचं. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, दिसलेला आणि नुसता ऐकलेलाही, अंदाजे संख्येसह 'ईबर्ड' या ॲपवर टाकायचा. म्हणजे तांबट झाडात दडून 'टुक टुक' करत असला तरी तो धरायचा. एकच घार घिरट्या घालत पाच वेळा डोक्यावरून गेली, तर ती एकच. शेवटी ॲप विचारतं: ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?

सगळी गंमत या प्रश्नात आहे. मुंबईतली प्रत्येक चिमणी मोजणं कुणालाच शक्य नाही. म्हणून अभ्यासक बघतात, शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे? समजा, एके काळी ४० याद्यांत होती आणि आता २५ मध्येच आहे, तर काहीतरी बिघडलंय. पण 'चिमणी काय लिहायची' म्हणून लोकांनी ती गाळली, तर ती असूनही नसल्यासारखी दिसेल. दुर्मीळ पक्षी दिसला की लोक आपणहून सांगतात, आळस होतो तो रोजच्या पक्ष्यांचा.

फेब्रुवारीच का? तेव्हा हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात. पार्कातून पाच मिनिटं चाललं की दादर चौपाटी. तिथे कुरव, म्हणजे आपले सीगल, दिसू शकतात.

या चार दिवसांच्या आणि वर्षभराच्या अशाच नोंदींवर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल उभा राहतो. २०२३ च्या अहवालामागे ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या जवळपास ३ कोटी नोंदी होत्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के घटत आहेत. पारवे आणि कोकीळ मात्र वाढलेत. पारव्यांचं दादरकरांना वेगळं सांगायला नको! चिमणीचं कोडंही असंच सुटलं. २०२० च्या अहवालानुसार देशभरात ती एकूण टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र कमी झाली आहे.

त्यामुळे पंधरा मिनिटांत पार्कात फक्त कावळे आणि पारवे दिसले, तरी ती यादी पाठवायचीच. चिमणी नव्हती, हेही त्यातूनच कळतं.