लॅपटॉपची बॅटरी घरीच बदलायची आहे? आधी हे तपासा

चार्जरची पिन जरा हलली की लॅपटॉप बंद. वीज गेली की अर्धवट टाइप केलेले कामही गेले. अशा वेळी अनेक जण नवा लॅपटॉप बघायला लागतात. पण बाकी मशीन ठीक असेल, तर फक्त बॅटरी बदलूनही ते आणखी काही वर्षे चालू शकते. बॅटरी बसवणे तसे सोपे आहे. योग्य बॅटरी मिळवणे आणि कधी हात लावायचा नाही हे ओळखणे जास्त महत्त्वाचे.

बॅटरी खरंच गेली आहे का?

विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे टाइप करून एंटर दाबा. तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडा. तिथे ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे दिसतील. पहिला ४२,००० आणि दुसरा १८,००० असेल, तर बॅटरीत निम्मीही ताकद उरलेली नाही.

फुगलेली बॅटरी असेल तर थांबा

टचपॅड वर आला आहे, खालचे झाकण फुगले आहे, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो आहे? मग चार्जिंग लगेच बंद करा. अशी बॅटरी दाबू, उचकटू किंवा टोचू नका. आतल्या लिथियम सेलला छिद्र पडले तर आग लागू शकते. ती पिशवीत घालून गर्दीच्या लोकलने नेणे हा तर मोठाच धोका. जवळच्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करा आणि ते सांगतील तसे करा. अनेक मॅकबुकमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. तेही काम जाणकारावर सोपवा.

योग्य बॅटरी कशी ओळखाल?

फक्त लॅपटॉपचे मॉडेल सांगून बॅटरी घेऊ नका. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या बॅटऱ्या असू शकतात. झाकण उघडून जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर बघा आणि लेबलचा फोटो काढा.

व्होल्टेजही जुळले पाहिजे. १०.८ आणि ११.१ व्होल्ट या दोन्ही आकड्यांचा अर्थ सहसा एकच, तीन सेलची जोडणी. पण ११.४ व्होल्टच्या जागी ७.६ व्होल्टची बॅटरी चालणार नाही. क्षमता बघताना वॉट-तास पाहा. ११.१ व्होल्टची ४,००० एमएएच आणि ७.६ व्होल्टची ५,८०० एमएएच बॅटरी, दोन्ही साधारण ४४ वॉट-तासांच्याच. मोठ्या एमएएचला भुलू नका.

लेबलवर बीआयएसचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा.

कुठे घ्याल?

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पार्ट नंबर सांगून भाव विचारा. भाईंदरहून दुसरा पर्याय म्हणजे लॅमिंग्टन रोड. धीमी लोकल ग्रँट रोडला थांबते. फास्ट लोकलने गेलात तर मुंबई सेंट्रलला उतरून चालत जाता येते. निघण्याआधी दुकानात फोन करा, कारण रविवारी बरीच दुकाने बंद असतात. वॉरंटी लिहिलेले पक्के बिल मागा. उत्पादनाची तारीखही पाहा, कारण लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते.

बसवताना

१. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या सर्व्हिस मॅन्युअल मोफत देतात. तुमच्या मॉडेलचे मॅन्युअल आधी वाचा.
२. बॅटरी २५ टक्क्यांखाली उतरू द्या. लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद करा आणि चार्जर काढा.
३. स्क्रू काढताना प्रत्येकाची जागा कागदावर मांडा. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर आतला भाग दुखावतो. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात.
४. झाकण जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवा, सुरीने नको.
५. धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. वायर धरून ओढू नका.
६. नवी बॅटरी सहज बसली पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर ती चुकीची आहे.
७. झाकण लावा, पूर्ण चार्ज करा आणि पुन्हा रिपोर्ट काढा. ‘डिझाइन कपॅसिटी’ लेबलपेक्षा बरीच कमी दिसली, तर बिल घेऊन दुकानात जा.

जुन्या बॅटरीचे काय?

ती घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबणाऱ्या गाडीत लिथियम सेल चिरडला तर तिथे काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अशा बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी बॅटरी घेतानाच विचारा, “जुनी परत घेता का?” तोवर तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा आणि ती कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.