गर्भाशयाच्या स्नायूंतील गाठी : जनुकीय बदल आणि कर्करोगाची भीती

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, अशी भीती घालण्यात आल्याचे अनेकींनी सांगितले. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, अतिरक्तस्राव यांप्रमाणेच गर्भाशयातील गाठ हेही अशा भीतीचे निमित्त ठरते. गाठ म्हणजे उद्याचा कर्करोग, हे समीकरण जनुकशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन गाठी, दोन वाटा :
गर्भाशयाची भिंत प्रामुख्याने अनैच्छिक, अरेखित स्नायूंची बनलेली असते. या स्नायूंत उद्भवणारी साधी गाठ म्हणजे फायब्रॉइड. ती अत्यंत सर्वसामान्य असून रजोनिवृत्तीनंतर बहुधा आक्रसते. याच स्नायूंचा कर्करोग म्हणजे लायोमायोसार्कोमा. तो दुर्मीळ आहे, गर्भाशयाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे एक ते दोन टक्के, आणि बहुतांशी पन्नाशीच्या आसपास वा त्यानंतर आढळतो. मात्र तो अतिशय आक्रमक असतो व रक्तावाटे फुप्फुसापर्यंत पोहोचतो.

फिनलंडमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, सुमारे सत्तर टक्के फायब्रॉइडमध्ये 'मेड-१२' या एकाच जनुकात उत्परिवर्तन असते. इतर काही गाठींत 'एचएमजीए-२' या जनुकाजवळ गुणसूत्राची तुटातूट झालेली असते. एकंदरीत फायब्रॉइडच्या पेशीतील जनुकीय संभार फारसा विस्कटलेला नसतो.

लायोमायोसार्कोमाचे चित्र अगदी निराळे आहे. येथे गुणसूत्रांचे तुकडे गळालेले, वाढलेले वा भलत्याच ठिकाणी जोडले गेलेले दिसतात. पेशीविभाजनास आवर घालणारी 'टीपी-५३' आणि 'आरबी-१' ही जनुके वारंवार निकामी झालेली असतात. यांपैकी पहिले, जनुकद्रव्यास इजा झाली असता पेशीला थांबविते किंवा तिचा अंत घडवून आणते. दुसरे, पेशीला विभाजनाचा उंबरठा सहजी ओलांडू देत नाही. 'पीटेन' गमावल्यास वाढीचे संदेश अनिर्बंध चालू राहतात. 'एटीआरएक्स' निकामी झाल्यास गुणसूत्रांची टोके आडमार्गाने लांब राखली जातात व पेशीला जणू अमरत्व लाभते. फायब्रॉइडमध्ये असा विध्वंस सहसा आढळत नाही. म्हणूनच बहुतेक लायोमायोसार्कोमा फायब्रॉइडपासून न होता स्वतंत्रपणे उद्भवतात, असे मानले जाते.

येथे एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. काही थोड्या लायोमायोसार्कोमांतही 'मेड-१२'चे उत्परिवर्तन सापडते. त्यामुळे एखादी साधी गाठ क्वचित कर्करोगात परिणत होत असावी, ही शक्यता संपूर्णपणे नाकारता येत नाही. तसेच 'एफएच' जनुकातील आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांत स्त्रियांना कमी वयात अनेक फायब्रॉइड होतात. त्यांच्या बाबतीत खरी दक्षता घ्यावी लागते ती मूत्रपिंडाच्या कर्करोगाविषयी. तिशी-चाळिशीतील प्रत्येक गाठीवर गर्भाशय काढणे हा उपाय यांपैकी कशातूनही निष्पन्न होत नाही.

निदानातील अडचण :
अडचण अशी की, सोनोग्राफीत दोन्ही गाठी पुष्कळदा सारख्याच दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये, फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीत अनपेक्षित सार्कोमा आढळतो, असा अंदाज मांडला आणि यंत्राने गाठीचे पोटातच तुकडे करण्याच्या पद्धतीविरुद्ध इशारा दिला. कारण गाठ कर्करोगाची निघाल्यास ते तुकडे उदरपोकळीत पसरतात. हा आकडा अधिक असल्याची टीका पुढे झाली. तो तसाच धरला तरी उरलेल्या ३४९ जणींची गाठ सार्कोमाची नसते.

अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली होतो. पेशीकेंद्रकांची विकृती, विभाजन पावणाऱ्या पेशींची संख्या आणि मृत पेशींचे पुंजके हे त्याचे तीन निकष होत. शंका उरल्यास 'पी-५३' प्रथिनाचे रंजन साहाय्यभूत ठरते. संपूर्ण जनुकचाचणी खर्चिक असली, तरी काढलेली गाठ विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठविणे नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी अवघड नाही. तो अहवाल रुग्ण स्त्रीच्या हाती पडला पाहिजे, कारण तिला घातलेली भीती खरी होती की खोटी, याचा लेखी पुरावा तेवढाच असतो.