पहिलीच्या आधीची तीन वर्षं: मूल अंगणवाडीत रोज का जायला हवं?

हाटपिपल्या (जि. देवास) : मूल सहा वर्षांचं झालं की पहिलीत घालायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीच्या तीन वर्षांचं काय, हा प्रश्न मात्र बऱ्याच घरांत निघतच नाही. फी परवडते ते खासगी केजीत घालतात. बाकीच्यांच्या मुलाचं नाव अंगणवाडीत असतं, पण ते रोज जाऊन बसतंच असं नाही. 'तिथं काय, खिचडी खातात नि घरी येतात' हे माळव्यातही ऐकू येतं नि महाराष्ट्रातही.

नियम काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा (२००९) मोफत व सक्तीचं शिक्षण ६ ते १४ वयासाठी देतो. ३ ते ६ वयासाठी सरकारने सोय करावी, एवढंच कलम ११ मध्ये आहे, सक्ती नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मात्र ही तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा एकच 'पायाभूत स्तर' धरला. म्हणजे शिक्षण तिसऱ्या वर्षीच सुरू झालं. केंद्राच्या 'पोषण भी, पढाई भी' (२०२३) उपक्रमानुसार अंगणवाडीत रोज किमान दोन तास खेळातून शिकवणं अपेक्षित आहे. जेवण त्याच्या जोडीला.

भाषेचा अडसर
इथल्या घरांत माळवी बोलतात. पवारांच्या संस्थानांच्या काळापासून देवास-धारकडे राहिलेल्या काही कुटुंबांत मराठी. पहिलीचं पुस्तक मात्र हिंदीत. थेट पहिलीत गेलेल्या मुलाला अक्षरं, नवी भाषा आणि चार तास एका जागी बसणं, हे सगळं एकदम झेपवावं लागतं. अंगणवाडी ताई सहसा त्याच गावातली असते, मुलाची बोली तिला कळते. गाणी, गोष्टी, वस्तू मोजणं, खडूने रेघोट्या मारणं यातून हिंदीही हळूहळू कानावर पडते. पण अधूनमधून येणाऱ्या मुलाला हा फायदा मिळत नाही.

मुलं येत का नाहीत?
हा प्रश्न जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये गुजरातच्या सीमेजवळ बोर्डी इथं ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात भरवली. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी थांबते हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

अडचणी आजही त्याच जातीच्या आहेत. केंद्र लांब, सोडायला-आणायला माणूस नाही, कापणीत घर बंद, मजुरीसाठी कुटुंब परगावी. म्हणून हजेरी हा नुसता आईबापाच्या हौसेचा प्रश्न राहत नाही. केंद्र कुठं आहे नि वेळ काय, यावरही ती ठरते.

पालकांनी काय करावं?
- तीन वर्षं पूर्ण होताच नाव नोंदवा. मुलाचं आधार नसेल तर आईच्या आधारवर नोंद होते.
- कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा महाराष्ट्रात जाणार असाल, तर निघण्याआधी ताईला सांगा. 'पोषण ट्रॅकर'वर स्थलांतराची नोंद करून नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत लाभ मिळू शकतो.
- पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते राज्यागणिक वेगळं. महाराष्ट्रात ३१ डिसेंबर धरतात. मध्य प्रदेशात शाळेचं सत्र १ एप्रिलला सुरू होतं, महाराष्ट्रात जूनमध्ये. शाळा बदलणाऱ्यांनी आधीच चौकशी करावी.
- 'आज काय खाल्लं?' यासोबत 'आज काय खेळलास?' हेही मुलाला विचारा. आठवडाभर उत्तरच आलं नाही, तर केंद्रावर एक चक्कर मारा. ते दोन तास भरतात की नाही, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.