नदीकाठचे वय

अलास्काच्या अंतर्भागात फेअरबँक्स नगराजवळ चीना नावाची नदी टानाना नदीला मिळते. हिवाळ्यात ती गोठते. उन्हाळ्यात एक काठ कापीत जाते आणि समोरच्या काठाला गाळ टाकते. या काठच्या माती व वनस्पती यांची लेस्ली व्हीरेक यांनी केलेली पाहणी १९७० साली प्रसिद्ध झाली.

रान कसे वाढते हे पाहण्यासाठी दोनशे वर्षे एका जागी कोण बसणार? परंतु नव्या गाळापासून आत जावे तसतशी जमीन जुनी होत जाते. व्हीरेक यांनी सुमारे १५, ५०, १२० आणि २२० वर्षांची चार वने निवडली. पहिल्यात वाळुंजाची झुडपे, दुसऱ्यात बाल्सम पॉप्लर, तिसऱ्यात पांढरा स्प्रूस, तर चौथ्यात त्याच्या जोडीला काळा स्प्रूस.

उघड्या गाळात नत्र जवळजवळ नसते. ते आणते अल्डर हे झुडूप, आपल्या मुळांवरील गाठींतल्या सूक्ष्म जीवांकरवी. नागालँडमधील खोनोमाचे शेतकरी आपल्या शेतांत याच कुळातले झाड पिढ्यानपिढ्या राखून ठेवतात, तेही जमीन सुपीक राहावी म्हणून.

स्प्रूसच्या दाट सावलीत मात्र शेवाळाची गादी जमते आणि येथेच खरे नवल आहे. ही गादी उन्हाळ्याची ऊब खाली पोहोचू देत नाही. जमीन थंड होते, पाला कुजत नाही, पोषक द्रव्ये अडकून पडतात. शेवटी खालची माती बारमाही गोठलेली राहते. अशा जमिनीवर शंभर वर्षांचा काळा स्प्रूसही मनगटाएवढाच जाड असू शकतो. रान वाढता वाढता स्वतःच्याच पायाखालची जमीन गोठवते!

त्याला पुन्हा तारुण्य देतो तो वणवा, किंवा काठ कापणारी नदीच. तिने गिळलेली जुनी जमीन खाली कोठेतरी नवा गाळ होऊन पडते आणि तेथे वाळुंज उगवते.

पण ऑगस्ट १९६७ मध्ये याच चीनाच्या पुराने फेअरबँक्स बुडाले. नगरवासीयांनी संरक्षण मागावे यात गैर काहीच नव्हते, आणि पुढे मूस क्रीक येथे मोठा पूर अडविणारे धरण उभे राहिले. काठावरच्या रानाला मात्र तेच पूर नवा गाळ आणून देत असत.