वाघ्याला जिना चढता येत नव्हता

मुलीने घरी कुत्रा आणल्याचं मला फोनवर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी जाणं रद्द केलं असतं असं नाही, पण चार शब्द ऐकवले असते एवढं खरं. २०२३ च्या सप्टेंबरात मी नॉटिंगहॅमला तिच्या घरी पोचलो. जावयांनी दार उघडलं आणि त्यांच्या मागे माझ्या मांडीच्या वर पोचेल एवढा उंच, बरगड्या मोजता येतील असा एक कुत्रा उभा. तांबूस अंगावर वाघासारखे काळे पट्टे. भुंकला नाही, अंगावर धावून आला नाही. सावकाश चालत आला आणि आपलं तीस-बत्तीस किलोंचं वजन माझ्या मांडीवर टाकून, भिंतीला टेकावं तसा टेकून उभा राहिला.

“बाबा, हा रिटायर झालाय,” मुलगी म्हणाली. “तुमच्यासारखाच.”

मी अठ्ठावन्न वर्षं पुरी करून निवृत्त झालो होतो. हा चार वर्षं पुरी करून.

तो शर्यतीचा ग्रेहाऊंड होता. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला हिरवट शाईने अक्षरं गोंदलेली. दोन्ही कानांत गोंदण असलं म्हणजे कुत्रा आयर्लंडचा, असं जावयांनी सांगितलं; इंग्लंडच्या ट्रॅकवर पळणारे बहुसंख्य कुत्रे जन्माला तिकडेच येतात. शर्यतीच्या पत्रिकेत छापायचं त्याचं नाव लांबलचक होतं आणि त्या नावाने हाक मारली तर तो कान हलवत नव्हता. अंगावरचे पट्टे बघून मुलीने त्याचं नाव ‘वाघ्या’ ठेवलं होतं. चार वर्षांच्या नातीला ते नाव फार आवडलं होतं. त्या गल्लीत मराठीत हाक मारता येणारं एवढं एकच कुत्रं.

मी मूळचा जत तालुक्यातला. आमच्याकडे कारवानी कुत्री होती, अजूनही आहेत. तेच निमुळतं तोंड, तीच खपाटीला गेलेली पोटं, तेच लांब पाय. लहानपणी सशामागे सुटलेलं कारवानी कुत्रं मी शिवारात पाहिलंय. ते आपल्या माणसापुरतं असतं. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. त्यामुळे या इंग्रजी भावंडाबद्दलही माझी दोन गृहीतं पक्की होती. एक, हा कधीतरी कुणाला तरी फाडणार. दोन, याला रोज पाच मैल पळवावं लागणार आणि ते काम घरात रिकामा बसलेला म्हणून माझ्या गळ्यात पडणार.

दुसरं गृहीत दोन दिवसांत कोसळलं. ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगाने पळू शकणारा हा प्राणी दिवसाचे सोळा-अठरा तास झोपायचा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास चालून आणलं की त्याचा दिवस संपला. हे आळसाचं लक्षण नव्हे. त्याचं मोठं हृदय, खोल छाती, मांड्यांचे ते दगडासारखे स्नायू, हे सगळं यंत्र अर्ध्या मिनिटासाठी बनवलेलं. आठवड्यातून एखादी शर्यत, आणि बाकीचा सगळा काळ खुराड्यासारख्या कोठडीत पडून राहणं, यातच त्याचं आयुष्य गेलेलं. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. त्यामुळे कडक जमिनीवर त्याला हाडं टोचतात आणि थंडीत त्याला कोट लागतो. मांड्यांच्या स्नायूंमुळे आपल्या कुत्र्यांसारखं ढुंगणावर बसणंही त्याला सोयीचं नसतं. एक तर उभा, नाहीतर आडवा. कोचावर पाठीवर पडून चारी पाय वर करून झोपला की थेट उलटं पडलेलं झुरळ. इंग्रजीतही या झोपेला झुरळावरूनच नाव पडलंय.

मला जास्त चटका लावला तो त्याला काय येत नव्हतं याने. त्याला जिना चढता येत नव्हता. जन्मात कधी जिना पाहिलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात जावई मागून आधार देत आणि मुलगी पुढचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवत असे. तेरा पायऱ्यांना वीस मिनिटं. काच म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे अंगणाच्या काचेच्या दारावर तो तोंड आपटून घ्यायचा. शेवटी काचेवर रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं की तो बाहेर जाऊन उभा राहायचा. आरशातल्या कुत्र्याकडे बघून शेपूट हलवायचा. खेळण्याचं करायचं काय, हे त्याला आमच्या नातीने शिकवलं.

आणि त्याला एकटं राहता येत नव्हतं. जन्मला भावंडांत, वाढला कळपात, शर्यतीच्या तबेल्यात कोठडीत जोडीदार आणि चहूबाजूंनी पन्नास-साठ कुत्री. घर रिकामं झालं की तो दाराशी उभा राहून असा सूर काढायचा की पलीकडच्या बाई चौकशीला यायच्या. मी येईपर्यंत मुलगी आणि जावई आळीपाळीने घरून काम करत होते. मी आल्यावर प्रश्न सुटला, म्हणजे सहा महिन्यांपुरता सुटला. माझा व्हिसा तेवढाच होता.

या शर्यतींचा इतिहास तसा जुना नाही. खऱ्या सशामागे कुत्री सोडण्याचा खेळ शतकानुशतकांचा. पण ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे कुत्री पळवायची कल्पना रुजवली ती १९१९ साली कॅलिफोर्नियात. इंग्लंडात तशी पहिली शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला २४ जुलै १९२६ रोजी झाली. घोड्यांच्या शर्यती दुपारी, गावाबाहेर आणि साहेबलोकांच्या. कुत्र्यांच्या संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, गिरणीतून सुटलेल्या कामगाराला पायी जाता येईल अशा ठिकाणी. पाहता पाहता वेड देशभर पसरलं. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं डर्बी जिंकणाऱ्या ‘मिक द मिलर’चा पेंढा भरलेला देह ट्रिंगच्या संग्रहालयात आजही आहे. पुढे टीव्ही आला, जुगाराची दुकानं आली, शहरातल्या जमिनी सोन्याच्या झाल्या. लंडनचं वॉल्थमस्टो २००८ मध्ये बंद पडलं, विम्बल्डन २०१७ मध्ये, आणि जिथे सुरुवात झाली ते बेल व्ह्यूही २०२० मध्ये.

नॉटिंगहॅमचा ट्रॅक मात्र चालू होता, आणि जावयांनी नको म्हटलं तरी मी एका संध्याकाळी तिथे गेलोच. सहा पिंजरे, सहा कुत्री. लाल, निळा, पांढरा, काळा, नारिंगी आणि सहाव्याला काळे-पांढरे पट्टे असलेलं जाकीट. खोटा ससा खडखडत पुढून जातो, पिंजरे उघडतात, आणि पाचशे मीटर तीस सेकंदांत संपतात. खोटं कशाला सांगू, मी उभा राहून ओरडलो. कुत्री नाइलाजाने पळत नव्हती, जीव ओतून पळत होती. पण पहिल्याच वळणावर सहाची सहा एकाच जागेसाठी आत घुसतात आणि जास्तीत जास्त मोडतोड तिथे होते. मागच्या पायाचा घोटा गेला की बहुतेकदा शर्यत संपली. वाघ्याची तशीच संपली होती. त्याच्या उजव्या पायाला आजही तिथे गाठ आहे.

संपल्यावर काय, हा प्रश्न या धंद्याने फार वर्षं स्वतःला विचारलाच नाही. कुत्रा चौथ्या-पाचव्या वर्षी निवृत्त होतो आणि बारा-चौदा वर्षं जगतो; म्हणजे कमाईच्या दुप्पट काळ खाणार. १९७५ मध्ये ‘रिटायर्ड ग्रेहाऊंड ट्रस्ट’ निघाला, स्वयंसेवकांनी हजारो कुत्र्यांना घरं मिळवून दिली. तरी २००६ मध्ये काउंटी डरहॅममधल्या सीहॅम गावची हकिकत एका रविवारच्या वृत्तपत्राने छापली. तिथला एक माणूस वर्षानुवर्षं पैसे घेऊन शर्यतीची कुत्री मारून आपल्या जमिनीत पुरत होता. त्याला शिक्षा झाली ती परवान्याशिवाय कचरा पुरल्याबद्दल. कुत्री मारणं हा गुन्हा ठरत नव्हता. त्यानंतर ओरड झाली, नियम झाले. २०१८ पासून शर्यतींचं नियामक मंडळ स्वतः आकडे प्रसिद्ध करू लागलं. त्या पहिल्या वर्षीचा मृत्यूंचा आकडा ९३२ होता. पुढे तो बराच उतरला, पण शेकड्यांतच राहिला. २०२० पासून प्रत्येक कुत्र्यामागे नोंदणीच्या वेळीच ४०० पौंडांची ठेव बाजूला ठेवण्याची योजना आली. निवृत्तीनंतर घर शोधून देणाऱ्या केंद्राला ते पैसे मिळतात. मला हे ऐकून आपला प्रॉव्हिडंट फंड आठवला. चाळीस-पन्नास वर्षं आधी सुचायला हरकत नव्हती.

जगभर हा धंदा आवरता घेतला जातोय. मकावचा ट्रॅक २०१८ मध्ये बंद झाला तेव्हा पाचशेहून अधिक कुत्री मागे उरली आणि त्यांना घरं शोधायला देशोदेशींच्या लोकांनी धावपळ केली. फ्लोरिडाच्या मतदारांनी त्याच वर्षी कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तिथल्या शर्यती थांबल्या. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. बंदी एका सहीने येते. पण जिना न येणारी ती कुत्री कुणाच्या तरी घरात एकेक करूनच जावी लागतात.

आता पहिल्या गृहीताबद्दल. ऑक्टोबरातली गोष्ट. मुलगी आणि जावई बाजारात गेले होते. नात आणि वाघ्या बैठकीच्या खोलीत, आणि लक्ष ठेवायला मी. मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाघ्या त्याच्या गादीवर पडला होता, डोळे उघडे. नात गेली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकून त्याच्यावर अंग झोकून दिलं. एक गुरगुर, एक झडप, आणि पोरीची किंचाळी. मी धावलो तोवर तो कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा होता. गालावर एक लाल ओरखडा, टाक्याची गरज नाही. पण डोळ्यापासून दोन बोटांवर.

संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, “उद्याच्या उद्या परत नेऊन दे.” ती रडली. जावई काही न बोलता उठले आणि कुत्र्याबरोबर मिळालेल्या कागदांची फाईल घेऊन आले. दुसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं. ग्रेहाऊंड पुष्कळदा डोळे उघडे ठेवून झोपतो. झोपेत असताना त्याला कधीही हात लावू नका. लहान मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नका. त्या दोघांनी हे वाचलं होतं. मला दाखवायचं राहिलं होतं. पण मोठं माणूस खोलीत होतं, फक्त त्याची नजर दुसरीकडे होती, हे सांगायला मला रात्रीचं जेवण होईपर्यंत धीर झाला नाही.

केंद्रातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, परत आणायचा तर कधीही आणा, आम्ही नाही म्हणणार नाही. मग एकच विचारलं, “तो झोपला होता का?” हो म्हटल्यावर त्यांनी समजावलं. त्याच्या कोठडीत झोपलेल्याच्या अंगावर कुणी येत नव्हतं. जागा असताना तो जगातला सर्वांत गरीब प्राणी. दाणागोटा, मालीश, वजन, डॉक्टर, इतक्या माणसांचे हात लागलेले असतात की माणसाची त्याला भीती नसते. पण झोपेतून दचकून उठलेला कुत्रा आधी दात वापरतो, मग बघतो. काही कुत्र्यांचं हे काही महिन्यांत कमी होतं, काहींचं जन्मभर जात नाही. तेव्हा कुत्रा बदलेल या आशेवर ठेवू नका, घराची शिस्त बदलता येत असेल तरच ठेवा.

त्या रात्री मतं विभागली गेली. मी परत देण्याच्याच बाजूचा होतो, हे कबूल केलं पाहिजे. जावयांनी आठ दिवस मागून घेतले. वाघ्याची गादी जिन्याखाली हलवली, पुढे लहान मुलांसाठी असतं तसं जाळीचं फाटक बसवलं. आणि नियम केला: गादीवरच्या वाघ्याजवळ नातीने जायचंच नाही. लांबून हाक मारायची, तो उठून बाहेर आला तरच लाड. आपल्याकडे झोपलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणतात. तसंच हे, असं मी तिला सांगितलं. ती फाटकाबाहेर उभी राहून विचारायची, “वाघ्या, उठलास का?” महिन्याभरात ते तीन शब्द ऐकले की तो शेपूट आपटू लागला. आठ दिवस कधी संपले ते कुणी मोजलं नाही.

सगळंच असं सुटलं नाही. शेजारचं मांजर कुंपणावर दिसलं की वाघ्याचा दगड होतो, कान उभे, एक पाय अधांतरी, आणि त्या क्षणी त्याला हाक ऐकू येत नाही. काही ग्रेहाऊंड मांजरांबरोबर राहतात. हा त्यातला नाही. उघड्या मैदानात त्याचा पट्टा सोडायचा नाही हे कायमचं. हे ज्याला जमणार नाही त्याने हा कुत्रा घेऊ नये.

उरला प्रश्न एकटेपणाचा. मी मार्चमध्ये परत येणार होतो. जानेवारीपासून शिकवणी सुरू केली. किल्ल्या उचलायच्या, कोट घालायचा आणि कुठेच न जाता परत बसायचं. असं दिवसातून दहा वेळा, किल्ल्यांचा आवाज त्याला बेचव होईपर्यंत. मग दाराबाहेर एक मिनिट. मग पाच. तो रडायच्या आत परत यायचं, ही यातली मेख. मी समोरच्या बसथांब्याच्या बाकावर मफलर गुंडाळून बसायचो आणि फोनवर घरातला कॅमेरा बघायचो. बस थांबायची, ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो, बस जायची. एकदा सतराव्या मिनिटाला सूर लागला आणि आम्ही पुन्हा पाचवर आलो. फेब्रुवारीच्या मध्याला चाळीस मिनिटं झाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच बसमध्ये चढलो, गावात गेलो, नातीसाठी रंगांची पेटी घेतली, चहा प्यालो. कॅमेरा मुद्दाम उघडला नाही. तीन तासांनी दार उघडलं. वाघ्या जिन्याखाली पाठीवर, चारी पाय वर. फाटकाबाहेर उभं राहून मी विचारलं, “वाघ्या, उठलास का?”

शेपूट दोनदा आपटली. उठला मात्र नाही.